मुलांसोबत सायकल : रस्ता आधी पाहावा

दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी आमच्या इमारतीच्या तळघरात सहज मोजदाद केली, तेव्हा मुलांच्या अकरा सायकली निघाल्या. त्यांतील सात सायकलींच्या चाकांत हवा नव्हती, दोहोंची साखळी गंजून ताठ झाली होती आणि एकीच्या हँडलला अजून दुकानातील प्लास्टिकचे वेष्टन तसेच होते. मुलासाठी सायकल घेताना आपल्या घरांत कोणी हात आखडता घेत नाही. वाढदिवस असतो, पहिलीचा निकाल असतो, आजोबांची हौस असते. सायकल येते, महिनाभर इमारतीच्या आवारात गोल गोल फिरते आणि मग जिन्याखाली जाऊन बसते. मुलाला त्या गोल फेऱ्यांचा कंटाळा येतो, आणि आवाराबाहेर त्याला कोठे न्यावे हे आपल्याला ठाऊक नसते.

ठाऊक नसते याचे कारणही उघड आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान, मधल्या वेळेत बाजार समितीचा फेरा, आणि सुट्टीच्या दिवशी कोणाचे लग्न नाही तर कोणाचा साखरपुडा. माझा धंदा हळदीचा आहे. गोणीत हात घालून मूठभर हळकुंडे बाहेर काढून, मोडून पाहिल्याखेरीज मी कधी भाव सांगितलेला नाही. मात्र स्वतःच्या मुलाला घेऊन प्रथम सायकलवर निघालो, तेव्हा रस्ता आधी पाहावा हे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

त्या गोष्टीला आता पाच वर्षे झाली. थोरला तेव्हा आठ वर्षांचा होता. मी सांगली-मिरज रस्ता निवडला, कारण तो रुंद आहे, सरळ आहे आणि मोटारीतून जाताना मला नेहमी सुखाचा वाटतो. डिसेंबरचे दिवस होते, म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात. दीड-दोन किलोमीटर गेलो असू, तोच मागून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. थोरला घाबरून डावीकडे सरकला. डांबराची कड तेथे चार बोटे उंच होती. पुढचे चाक खाली उतरले आणि तो कोपरावर आपटला. कोपराचे हाड मोडले, तीन आठवडे प्लास्टर राहिले, हाड नीट जुळले. परंतु तो पडल्यावर माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते, “लक्ष कुठे होतं तुझं?” हे. पुढे दोन वर्षे त्याने सायकलला हात लावला नाही. मी ट्रॅक्टरवाल्यांना दोष देत राहिलो. शेवटी एके दिवशी आई म्हणाली, “पोराला ट्रॉलीचं काही नाही रे, तुझ्या ओरडण्याचं भ्या बसलंय.”

रस्ता निवडणे हे त्या दिवशी माझे काम होते, आणि ते मी केले नव्हते. त्यानंतर जे हळूहळू कळत गेले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की रस्त्याची रुंदी पाहून फसू नये. रुंद रस्त्यावर वाहने वेगाने धावतात आणि मुलाच्या वाट्याला कडेची एक पट्टीच उरते. त्या पट्टीत वाळू असते, फुटलेल्या काचा असतात, गटारावरच्या जाळ्या असतात. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनेच बसवलेले असले तर लहान सायकलीचे अरुंद चाक त्यांत अडकते. याउलट गावाकडे जाणारा अरुंद, वळणावळणाचा आणि किंचित खडबडीत रस्ता मुलांना मानवतो, कारण तेथे वाहनालाच वेग आवरावा लागतो. त्यातही डांबराची कड आणि बाजूची माती एका पातळीत आहेत का, हे खाली उतरून, पाय लावून पाहावे.

दुसरी गोष्ट मुलाच्या नजरेची. सायकलवर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात. उभ्या मोटारीपलीकडून काय येते आहे ते आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही. समोरून येणारे वाहन किती वेगात आहे याचा अंदाज या वयात कच्चा असतो. शिवाय मागे वळून पाहताना मुलाचा हात मानेबरोबर वळतो आणि सायकलही त्याच बाजूला जाते, म्हणजे उजवीकडून मागे पाहिले की थेट रस्त्याच्या मध्याकडे. म्हणून ज्या वाटेवर मुलाला वारंवार मागे पाहावे लागेल, ती वाट कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी. चौक मोजावेत. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की मुख्य रस्ता ओलांडण्याचा प्रसंग जाताना एकदा आणि येताना एकदा, याहून अधिक नको. आणि ओलांडताना सर्वांनी उतरून, सायकल हातात धरून चालावे.

चढाविषयी मोठ्या माणसांची फार फसगत होते. आपण ज्याला सपाट म्हणतो ते मुलाला सपाट नसते. सोळा इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वा मीटर पुढे जाते, मोठ्यांचे २६ इंची चाक दोन मीटरांहून थोडे अधिक. मुलाच्या सायकलीला बहुधा गिअर नसतात आणि तिचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने आपल्या सायकलीपेक्षा खूपच जास्त असते. चढ ओळखण्याची सोपी रीत म्हणजे वाट पाहायला जाल तेव्हा परतताना पायडल मारणे थांबवावे. सायकल आपोआप दूरवर घरंगळत गेली, तर जाताना तेथे चढ आहे असे समजावे. चढावर मूल दमते, उतरून ढकलते, त्यात विशेष बिघडत नाही. धोका उतारावर असतो. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटे पोहोचत नसतील किंवा दांडी दाबण्याइतका जोर हातांत नसेल, तर पन्नास पावलांचा उतारही जड जातो. घरून निघण्यापूर्वी आवारातच मुलाला चालत्या सायकलीवर ब्रेक दाबायला लावून पाहावे. दुकानदार दांडी जवळ आणून देतो, पाच मिनिटांचे काम असते.

सपाट वाट हवी म्हणून युरोप-अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तेथे सायकलवाटा केल्या गेल्या. आगगाडीला मोठा चढ चढता येत नाही, त्यामुळे तो मार्ग मुळातच हळुवार उताराचा बांधलेला असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय-स्पार्टा ही १९६०च्या दशकातील वाट या प्रकारातील अगदी सुरुवातीच्या वाटांपैकी एक आहे. आपल्याकडे अशीच सपाट जागा म्हणजे कालव्याच्या काठचा रस्ता. तेथे वाहने जवळजवळ नसतात आणि बाजूला शेते असतात, म्हणून अनेकांना तो मुलांसाठी उत्तम वाटतो. माझे मत याविरुद्ध आहे. कालव्याच्या भिंती तिरप्या आणि शेवाळलेल्या असतात, कठडा नसतो, आणि आत पडलेले मूल स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. बारा वर्षांच्या आतील मुलांना मी तेथे नेत नाही. कोणी नेत असेल तर त्याने निदान कालव्याच्या बाजूला स्वतः राहावे.

मुंबईकर वाचक विचारतील की आम्ही कोठे जावे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात आणि आतल्या रस्त्यांवर भरपूर सावली आहे. मात्र कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता शेवटी शेवटी चांगलाच चढतो आणि परतीचा उतार लहानांच्या हाती देऊ नये असा आहे. तेव्हा लहान मुलांसह अर्ध्यातूनच मागे फिरावे. सोमवारी उद्यान बंद असते, हे सोमवारी दुकान बंद ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मार्च २०२२मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद ठेवून लोकांना मोकळे करून देण्याचा उपक्रम सुरू केला होता, त्यात मरीन ड्राइव्हही होता. असे काही आपल्या भागात चालू असेल तर शिकाऊ मुलासाठी त्याहून चांगली जागा नाही. कोल्हापूरकरांना रंकाळा आहेच. पण तेथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वी जावे, नाहीतर मूल ब्रेकपेक्षा घंटीच जास्त वाजवते.

कोकणात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी समुद्रकिनारा ही मोठी पर्वणी आहे. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्यासारख्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू इतकी घट्ट होते की सायकल डांबरावर चालावी तशी चालते, आणि मूल पडले तरी वाळूवरच पडते. तेथे वेळ मात्र समुद्र ठरवतो. कोकणातील लोकांची जुनी रीत अशी की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. भर उन्हात मुलांना नेऊन काय करणार? तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणून सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे पहिले तीन-चार दिवस सकाळच्या फेरीला उत्तम. आपल्या घरांत तिथी सर्वांच्या तोंडी असते, तेव्हा हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. ओल्या वाळूत खेकड्यांची बारीक बिळे असतात. मागच्या वर्षी आमची धाकटी त्या बिळांना वळसे घालून चालवत होती, त्यामुळे एका किलोमीटरला अर्धा तास लागला. परत आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे, नाहीतर खारे पाणी आठवड्यात ती खाऊन टाकते.

आता वाट पाहण्याविषयी. जाऊन पाहावी ती ज्या वारी आणि ज्या वेळी मुलांना न्यायचे आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी. गुरुवारी दुपारी पाहिलेला रस्ता रविवारी सकाळी निराळा असतो. मध्ये एखाद्या गावचा आठवडे बाजार भरत असेल तर ओळखूही येत नाही. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी दिवाळीपासून मार्चपर्यंत कारखान्याकडे जाणारे रस्ते वर्ज्य समजावेत. रिकाम्या ट्रॉल्या भरलेल्यांपेक्षा अधिक वेगाने येतात आणि त्यांची मागची ट्रॉली वळणावर कडेला ओढली जाते. सूर्य कोणीकडे असेल तेही पाहावे. सकाळी पूर्वेकडे निघालात, तर मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर ऊन येते आणि त्याला तुमचे मूल दिसत नाही. वारा असेल तर जाताना तो तोंडावर घ्यावा, म्हणजे दमलेल्या मुलाला परतताना पाठीवर मिळतो.

अंतराविषयी पालक फार विचारतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर, तेही मध्ये भरपूर थांबून, एवढे पुरे असा माझा अनुभव आहे. परंतु किलोमीटरपेक्षा वाट जेथे संपते ते ठिकाण महत्त्वाचे. नदी, विहीर, जुना पूल, आंब्याचे झाड, काहीतरी असे हवे की ते पाहायला निघालो आणि ते पाहून परतलो असे मुलाला वाटावे. घरात नवकारशी पाळली जात असेल, तर सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे जेथे भरतील तेथे सावली आणि बसायला जागा आहे ना, हे आधी ठरवावे. कारण मुले सायकल चालवू लागली की त्यांना तहान लागतेच.

रस्त्यावर मूल पुढे आणि मोठे माणूस मागे, किंचित उजवीकडे. दोन मोठी माणसे असतील तर एक पुढे, एक मागे. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यावी; मागे सरकवलेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही. ओढणी आणि बुटांची नाडी साखळीत अडकते. कुत्रे मागे लागले तर पळवू नये. उतरून सायकल मध्ये धरून उभे राहावे आणि हे घरी दोन-तीनदा करून पाहावे.

हे सारे मला कळले, तरी घरात पुन्हा कोणी सायकल काढीना. गेल्या पावसाळ्यानंतर धाकटीने, ती साडेसहा वर्षांची आहे, बाजूची छोटी चाके काढून टाकायला लावली आणि रोज सकाळी विचारू लागली, “रस्त्यावर कधी जायचं?” आमच्या सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. त्यांचे काही चुकत होते असे मी म्हणू शकत नव्हतो. त्या वेळी थोरला, आता तेरा वर्षांचा, जेवताना खाली मान घालून म्हणाला, “मम्मी, रस्ता मी बघतो. मला कळतं कुठं भीती वाटते ते.”

तीन रविवार आम्ही दोघे मोठ्या सायकलींवर रस्ते पाहत फिरलो. दुकानातील जुन्या खतावणीची कोरी पाने त्याने घेतली होती. रस्त्यातील जे चांगले ते जमेच्या बाजूला आणि वाईट ते नावे. माधवनगरच्या रस्त्याच्या नावे इतके ट्रक पडले की पान पुरले नाही. आयर्विन पुलाजवळचा नदीकाठ जमेला बराच भरला, पण घाटाच्या पायऱ्यांना कठडा नाही असे लिहून त्याने त्याखाली दोन रेघा ओढल्या. तिसऱ्या रविवारी हरिपूर.

सांगलीकरांना हरिपूर सांगायला नको. इतरांसाठी सांगतो की शहरापासून नैऋत्येला तीन-चार किलोमीटरांवर कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव. नाटककार गोविंद बल्लाळ देवल येथलेच. रस्त्याला चिंचेची जुनी झाडे आहेत आणि चढ नावापुरता. आमच्या धंद्याशी या गावाचे वेगळेच नाते आहे, कारण सांगलीच्या व्यापाऱ्यांची हळद येथे जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. २००५च्या महापुरात पाणी शिरून त्यांतील कित्येक पेवे निकामी झाली. माझ्या वडिलांबरोबर मी लहानपणी या रस्त्याने येत असे, त्यांच्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर बसून. थोरल्याने जमेला लिहिले : सावली, सकाळी ऊन पाठीवर, वाहने कमी, शेवटी नदी. नावे लिहिले : दोन ठिकाणी कड तुटलेली, एक कुत्रा, पावसानंतर चिखल, श्रावणी सोमवारी देवळाची गर्दी.

माघातल्या एका रविवारी सकाळी सातला आम्ही तिघे निघालो. थोरला पुढे, धाकटी मध्ये, मी मागे. तुटलेल्या कडेच्या अलीकडे तो डावा हात वर करी, की ती वेग कमी करी; हे त्यांचे आवारात आठवडाभर ठरवून झाले होते. चिंचा पाडलेल्या दिसल्या की ती थांबे. मी घड्याळाकडे पाहत होतो, मग पाहणे सोडले. गावाच्या अलीकडे समोरून एक रिकामा ट्रॅक्टर आला. थोरला थांबला, पाय टेकला. धाकटीनेही पाय टेकला. ट्रॅक्टर धूळ उडवत गेला आणि थोरल्याने मागे वळून तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तो पुन्हा चालवू लागला.

संगमावर दोन्ही मुलांनी पाणी प्यायले, खाकरे खाल्ले. कोणत्या बाजूचे पाणी कृष्णेचे आणि कोणत्या बाजूचे वारणेचे यावर दोघांचे भांडण झाले.

परतताना निम्म्या वाटेवर धाकटीच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. माझ्याजवळ पंप होता आणि ट्यूबही होती, पण ती २० इंची. तिची सायकल १६ इंची. रविवारी सकाळी पंक्चरचे दुकान उघडे नव्हते. रिक्षा बोलावतो म्हटले, तर तिने हँडल घट्ट धरले आणि सायकल ढकलत चालू लागली. उरलेले अंतर आम्ही तिघेही चाललो. घरी पोहोचायला साडेदहा वाजले. सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी धाकटीचे कोपर पाहिले, मग गुडघे.

दुपारी दुकानाच्या टेबलावर खतावणीचे पान उघडे होते. नावे बाजूला थोरल्याच्या अक्षरात एक ओळ वाढली होती : “काटे. १६ इंची ट्यूब पप्पांनी आणावी. पुढच्या रविवारच्या आत.”